घारापुरी पायी: वाटाड्याशिवाय बेट कसं चालायचं (वाटा, वेळा, भरती-ओहोटी)

सागरवाट
घारापुरीवर (म्हणजे मुंबईजवळच्या एलिफंटा बेटावर) वाटाड्या न घेता दिवसभर पायी कसं फिरायचं, ही माहिती एका जागी असावी म्हणून हा धागा. भर घाला, चूक दिसली तर दुरुस्त करा.

बहुतेक लोक धक्का, पायऱ्या, एक नंबरचं लेणं आणि परत धक्का असं करून दोन तासांत लाँचमध्ये बसतात. लेणं पाहून होतं, बेट राहून जातं. बेटावर दोन टेकड्या आणि त्यांच्या मधे उत्तर-दक्षिण उतरलेली घळ आहे. पश्चिमेच्या टेकडीवर १ ते ५ क्रमांकाची लेणी, माथ्यावर दोन तोफा. पूर्वेच्या टेकडीवर ६ आणि ७ क्रमांकाची लेणी आणि वर विटांच्या स्तूपाचे अवशेष. वस्त्या तीन. वायव्येला शेतबंदर, मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून येणारी लाँच इथेच लागते. ईशान्येला मोराबंदर, दक्षिणेला राजबंदर. भरतीच्या वेळी बेटाचा घेर साधारण सात किलोमीटर. एवढं डोक्यात बसलं की वाट चुकली तरी दिशा चुकत नाही.

दिवस परतीच्या लाँचपासून उलटा मोजायचा. शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास असते, पण मनात साडेचारची धरा. साडेचारला धक्क्याच्या टोकाला पोचायचं तर चारला पायऱ्यांच्या तळाशी आणि साडेतीनला टेकडीवरून उतरायला सुरुवात. सकाळी नऊची लाँच पकडली तर तासाभराचा प्रवास आणि धक्का चालून सव्वादहाला तुम्ही गावात. म्हणजे खरी चाल सव्वापाच तासांची. अकराच्या लाँचने गेलात तर त्यातले दोन तास तिथेच गेले, आणि कापली जाते ती पूर्वेची टेकडी, कारण ती शेवटी ठेवलेली असते.

सोमवारी लेणी बंद. पर्यटकांना बेटावर रात्री राहता येत नाही, त्यामुळे "लाँच चुकली तर बघू" हा पर्याय धरून चालू नका.

प्राजक्त
छान धागा. गेटवेला तिकीट कुठे काढायचं? आणि लाँच लागत असेल तर काय करावं?

मध्यरेल्वे
प्राजक्त, गेटवेच्या आवारात तपासणीतून आत गेलात की तिकिटाच्या खिडक्या आहेत. तिकीट जाऊन-येऊन असतं. परतीचा अर्धा भाग जपून ठेवा, खिशात घामाने भिजला की वाचता येत नाही. वरच्या डेकवर बसायचे वेगळे पैसे लाँचवरच रोख घेतात. बेटावर ग्रामपंचायतीचा कर वेगळा, लेण्यांचं तिकीट वेगळं (भारतीयांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्या मुलांना नाही). दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा.

लाँच लागणाऱ्यांनी खाली, मध्यभागी, पुढे तोंड करून बसावं. वर हवा छान असते, पण डोलही जास्त. डिझेलचा धूर मागच्या बाजूला येतो, म्हणून शेवटचे बाक टाळा. पोट रिकामं नको आणि तुडुंबही नको.

लाइफ जॅकेट बांधून बसा, मांडीवर घेऊन नाही. १८ डिसेंबर २०२४ ला याच मार्गावर झालेल्या अपघातानंतर त्याबाबत आग्रह धरला जातो, आणि तो योग्यच आहे. कमरेचा पट्टा पुढून काढून घट्ट ओढायचा. सैल जॅकेट पाण्यात वर सरकून हनुवटीत अडकतं. लहान मुलांना मुलांच्याच मापाचं मागून घ्या.

सागरवाट
धन्यवाद मध्यरेल्वे. आता चालण्याचा क्रम. दोन फेऱ्या सुचवतो. पहिल्या खेपेला दोन्ही एका दिवसात कोंबू नका.

पश्चिम फेरी: धक्का, शेतबंदर, सुमारे १२० पायऱ्या, लेणं १, मग त्याच डोंगराच्या कडेने लेणी २ ते ५, परत फिरून तोफांची टेकडी, उतार, धक्का. जेवण धरून चार ते साडेचार तास.

पूर्व फेरी: धक्का, शेतबंदर, लेणं १ धावतं बघून घळीत उतरायचं, पलीकडे लेणी ६ आणि ७, वर स्तूप, मोराबंदर, आणि आल्या वाटेने परत. पाच तास पूर्ण लागतात, आणि नऊची लाँच चुकली तर ही फेरी धरूच नका.

धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत छोटी गाडी असते. सकाळी चालत जा, दहा-बारा मिनिटं लागतात आणि दोन्ही बाजूंना तिवरं (खारफुटीची झाडं) आणि चिखल निवांत बघता येतो. परतताना पाय दमले असतील तर गाडी घ्या.

लेणीवेडी
लेणं १ "धावतं" बघायला सांगताय हे मला पटत नाही. निदान सव्वा तास द्या. बघण्याचाही एक क्रम आहे, तो पाळला तर वाटाड्याची गरज लागत नाही.

उत्तरेच्या दाराने आत शिराल. लगेच पुढे जाऊ नका, दारातच थांबा. डाव्या हाताला योगीश्वर, उजव्या हाताला नटराज: एक अगदी स्थिर, एक पूर्ण गतीत. ही जोडी मुद्दाम समोरासमोर आहे, आणि आतही अशाच जोड्या आहेत. डोळे अंधाराला सरावायला चार-पाच मिनिटं लागतात, ती इथेच घालवा.

मग सरळ दक्षिणेच्या भिंतीकडे. मधे सदाशिव, उंची साडेपाच मीटरच्या आसपास. तीन मुखं दिसतात: मधलं शांत, तुमच्या डाव्या हाताचं उग्र, उजव्या हाताचं कोमल, हातात कमळ. पुढे जाऊन मान वर करून बघू नका, दोन खांबांच्या ओळी मागे सरा. तेवढ्या अंतरावरून तिन्ही मुखं एकाच नजरेत मावतात. डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगाधर. गंगाधराच्या डोक्यावर तीन मुखांची गंगा आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

त्यानंतर पूर्वेकडची जोडी, रावणानुग्रह आणि कैलासावर सारीपाट खेळणारे शिव-पार्वती. मग पश्चिमेकडची, कल्याणसुंदर आणि अंधकासुरवध. कल्याणसुंदरात पार्वती शिवाच्या उजव्या हाताला आहे, म्हणजे लग्न अजून लागायचंय. तिची झुकलेली मान बघा. पूर्वेचे शिल्पपट सकाळी नीट दिसतात, पश्चिमेचे दुपारनंतर, कारण त्या त्या बाजूच्या उघड्या चौकातून उजेड येतो. सव्वादहाला पोचणाऱ्यांनी म्हणूनच पूर्व आधी घ्यावी, आणि तोफांवरून उतरताना दहा मिनिटं पश्चिमेला पुन्हा द्यावीत. तिकीट त्यासाठी हातात ठेवा आणि बाहेर पडताना दारावरच्या माणसाला विचारून घ्या.

चार दारांचा गाभारा शेवटी. प्रत्येक दाराला दोन असे आठ द्वारपाल. चारही बाजूंनी एक फेरी मारा, प्रत्येकाच्या चेहऱ्यावरचा भाव निराळा आहे.

खडूफळा
लेणीवेडी, फार उपयोगी. लेण्याचा काळ कोणता सांगायचा? शाळेच्या सहलीत मुलं हा प्रश्न हमखास विचारतात.

लेणीवेडी
सर, सहाव्या शतकाचा मध्य सांगा. कुणी बांधलं याचा लेखी पुरावा तिथे नाही. इथला शिलालेख पोर्तुगीजांनी लिस्बनला पाठवला आणि तो हरवला. म्हणून काळ ठरतो तो शिल्पांच्या शैलीवरून आणि बेटावर सापडलेल्या कलचुरी कृष्णराजाच्या नाण्यांवरून. मुलांना हे असंच सांगावं: उत्तर कसं काढलं हे कळलं की पाटीवरचा आकडा पाठ करावा लागत नाही. १९८७ साली युनेस्कोच्या यादीत आलं, तेही विचारतील.

मुख्य मंडपातून पूर्वेच्या चौकात मुलांना जरूर न्या. तिथल्या छोट्या देवळात मातृका, कार्तिकेय आणि गणपती आहेत, आणि गर्दी निम्मीही नसते. पश्चिमेच्या चौकाजवळ कातळात कोरलेलं पाण्याचं टाकं आहे. हे लेणं पावसाच्या पाण्यावर जगणाऱ्या बेटावरचं आहे, ते तिथे समजतं.

तिवर
भरती-ओहोटीचं कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. किनाऱ्याजवळ फिरणार असाल तर हे आधी बघायचं.

कोळ्यांचा साधा हिशेब: तिथीची पाऊणपट करा, ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून पूर्ण भरती तीनच्या सुमाराला (दुपारी आणि पहाटे), आणि ओहोटी सहा तास अलीकडे-पलीकडे, म्हणजे नऊला. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. एकादशीला भरती सव्वाआठला, ओहोटी सव्वादोनला. अमावास्या-पौर्णिमेला भर दुपारी बाराला भरती. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. अंदाज अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो, त्यामुळे निघण्याआधी अपोलो बंदरचं (गेटवेपाशीच आहे) भरतीचं कोष्टक बघून खात्री करा. घारापुरीला वेळ जवळपास तीच.

प्राजक्त
म्हणजे अष्टमीला गेलं की दुपारी बाराला किनारा पूर्ण उघडा मिळेल? तोच दिवस धरू का?

तिवर
नाही प्राजक्त, इथेच बहुतेकांची गल्लत होते. अष्टमीच्या आसपास भांग असतो. पाणी फार चढत नाही तसं फार उतरतही नाही. कोष्टकात ओहोटीलासुद्धा दीड-दोन मीटर दिसेल. उलट अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी साडेचार मीटरच्या आसपास किंवा वर चढतं आणि ओहोटीला चांगलं लांब जातं, पण ती ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमाराला. तेव्हा तुम्ही बेटावर नसता. उधाण आणि भांग दोन्ही तिथीच्या मागून एखाद-दोन दिवसांनी पूर्ण भरात येतात, हेही धरा.

म्हणून दिवसा चालणाऱ्याला एकादशी-द्वादशी बरी. ओहोटी सव्वादोन ते तीनला, आणि भांग सरत आलेला. त्रयोदशीला ओहोटी चारला जाते, म्हणजे परतीच्या वेळेवर येते.

पण बेटाला काठाकाठाने पूर्ण फेरी मारायचा हट्ट सोडा. उत्तरेला आणि पूर्वेला तिवरं आणि खोल गाळ आहे. गाळ वरून सुकलेला दिसतो, पापुद्र्याखाली गुडघाभर पाय जातो, आणि ओढून काढताना चप्पल आतच राहते. एका पायावर जोर देऊन दुसरा काढायला गेलात की दोन्ही रुततात. रुतलाच तर मागे बसा, वजन पसरा, पाय हलवत हलवत तिरका काढा. दगडांवर कालवं चिकटलेली असतात, त्यांची धार ब्लेडसारखी. अनवाणी किंवा रबरी स्लिपरवर दगडांत शिरू नका.

बघायचं ते धक्क्यावरूनच भरपूर दिसतं. ओहोटीच्या वेळी कठड्यापाशी पंधरा मिनिटं स्थिर उभे राहा. निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) गाळावर उड्या मारताना दिसतात, तिवरांची वर आलेली श्वासमुळं दिसतात, थंडीत चिखलात चोच घालणारे पक्षी असतात. दुर्बीण असेल तर तोफांवर नेण्यापेक्षा इथे जास्त कामाची.

उरणकर
तिवरदादांचा हिशेब बरोबर आहे, आमच्याकडेही तसाच मोजतात. घारापुरी आमच्या उरण तालुक्यात येते, मुंबईत नाही, हे पण लिहून ठेवा. जिल्हा रायगड.

वाटांबद्दल सांगतो. गावातल्या पाखाड्या (दगडी पायवाटा) पक्क्या आहेत, तिथे अडचण नाही. अडचण घळीत उतरल्यावर. तिथे गुरांच्या आणि लाकडाच्या वाटा फुटतात आणि सगळ्या सारख्या दिसतात. ओळखायची खूण: गावाची वाट मधोमध गुळगुळीत झिजलेली असते, कडेला दगड लावलेले असतात, आणि चढावर दगडाचे टप्पे सापडतात. गुरांची वाट अरुंद, वेडीवाकडी, आणि करवंदीच्या जाळीत जाऊन संपते. दहा मिनिटं चालून एकही टप्पा दिसला नाही तर मागे फिरा, पुढे रेटू नका.

कुणी भेटलं तर "मावशी, मोऱ्याची वाट हीच का?" (मोरा म्हणजे मोराबंदर) असं विचारा. "स्तूप कुठे" विचारून लगेच उत्तर मिळेलच असं नाही. वस्तीतून जाताना अंगणातून, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून आणि सुकत टाकलेल्या मासळीवरून जाऊ नका. फोटो काढायचा तर आधी विचारा.

पायरीपायरीने
गुडघे दुखणाऱ्यांसाठी: पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्री, त्यामुळे सावली मिळते. चढ एकसारखा नाही, मधे सपाट टप्पे आहेत. दर तीस पायऱ्यांनी दोन मिनिटं थांबलं तर वीस मिनिटांत वर पोचता येतं. वर न्यायला खुर्चीची डोली मिळते, दर आधी ठरवून घ्या, आणि उतरण्याचे पैसे त्यात आहेत का ते विचारा. लेणं १ ते ५ ही वाट त्यामानाने सोपी आहे. तोफा आणि पूर्वेची टेकडी मात्र गुडघ्यांना सोसणार नाही, विशेषतः उतार.

सागरवाट
तोफांच्या वाटेबद्दल: लेण्यांच्या अंगानेच वर जाते, रमतगमत वीस-पंचवीस मिनिटं. वर दोन तोफा आहेत, आणि मुंबई बंदर सगळं समोर पसरलेलं दिसतं. पूर्वेला न्हावाशेव्याच्या क्रेन, उत्तरेला अटल सेतू आणि ट्रॉम्बेची टेकडी, पश्चिमेला तेलाच्या टाक्यांचा जवाहर द्वीप, त्यामागे शहर. जवाहर द्वीपावर उतरता येत नाही. लाँच त्याच्या जवळून जाते तेव्हा लोक उतरायचं म्हणून उठतात, उठू नका.

मार्च ते मे माथ्यावर अकराच्या आत किंवा साडेतीनच्या सुमाराला. मधल्या वेळेत कातळ तापलेला असतो आणि सावली जवळजवळ नाही.

प्राजक्त
पाणी किती न्यावं? आणि माकडांचं काय?

पायरीपायरीने
माणशी दोन लिटर, एप्रिल-मेमध्ये तीन. शेतबंदर आणि लेण्यांच्या परिसरात बाटल्या मिळतात, घळीच्या पलीकडे काही धरू नका. गावाला स्वतःलाच उन्हाळ्यात पाणी जपून वापरावं लागतं, त्यामुळे घरांत पाणी मागायची वेळ येऊ देऊ नये.

माकडं हाताकडे बघतात, तोंडाकडे नाही. हातात बाटली, पिशवी, कणीस काही नको. सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये, चेन पूर्ण ओढलेली, बाजूचे जाळीचे कप्पे रिकामे. प्लॅस्टिकची कुरकुर हा त्यांना आवाज ओळखीचा आहे, म्हणून डबा कापडात बांधा. हिसकावलं तर सोडून द्या, ओढाओढीत चावा बसतो. चावलं किंवा ओरखडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी मुंबईत डॉक्टरांकडे रेबीजच्या लशीसाठी जा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

लेणीवेडी
लेणी २ ते ५ बद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून: शिल्पं फारशी नाहीत, काही अपुरी, काही खांब नंतर बसवलेले. एक नंबरनंतर लगेच बघून लोक "काहीच नाही" म्हणतात. पण कातळ कसा कोरत नेतात ते अपुऱ्या लेण्यात जास्त कळतं. छिन्नीच्या खुणा कडेच्या उजेडात बघा. मोबाइलचा दिवा समोरून न मारता भिंतीला समांतर धरा, खुणा उठून दिसतात. मूर्तींना हात लावू नका, घामाचं तेल दगडात मुरतं.

सहा नंबरला सीताबाईचं देऊळ म्हणतात. पोर्तुगीज काळात त्याचा चर्च म्हणून वापर झाला. सात नंबर म्हणजे थोड्याशा खोल्या, काम अर्धवट सोडलेलं. वरचा स्तूप बौद्धांचा, लेणं १ पेक्षा जुना. विटांच्या ढिगावर चढू नका, चढणाऱ्यांच्या पायाखाली विटा निसटतात आणि तेवढाच स्तूप कमी होतो.

खडूफळा
पावसाळ्यात मुलांना न्यावं का?

उरणकर
जून ते सप्टेंबर नको सर. बेट हिरवंगार असतं, खरं आहे. पण वारा वाढला की फेऱ्या थांबतात, आणि सकाळी चालू असलेली लाँच दुपारी बंद होऊ शकते. मुलं पलीकडे, लाँच अलीकडे. शिवाय धक्क्याच्या पायऱ्यांवर शेवाळ, घळीतली वाट म्हणजे ओढा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मधला वार, रविवार टाळून. रविवारी चारनंतर परतीची रांग धक्क्यावर लांबवर येते.

चाळीस मुलांमागे चार मोठी माणसं कमी पडतात. दहा मुलांमागे दोन ठेवा, एक पुढे, एक मागे. लाँचवर चढताना मुलांना एकेकाला हात देऊन घ्या. लाँच आणि धक्का यांच्या मधली फट लाटेबरोबर उघडते-मिटते. लाँच वर आली की पाय टाकायचा, खाली जात असताना नाही. गेटवेला ओहोटीच्या वेळी खालच्या पायऱ्या बुळबुळीत असतात, तिथे जपून पाऊल टाका.

मध्यरेल्वे
गेटवेला जायला चर्चगेट किंवा सीएसएमटीहून टॅक्सी, बेस्ट, नाहीतर अर्धा तास चालत. आठ-चाळीसला खिडकीपाशी असाल तर नऊची लाँच आरामात मिळते.

खडूफळा
सगळ्यांचे आभार. एक राहिलं: ज्या हत्तीवरून एलिफंटा नाव पडलं तो दगडी हत्ती बेटावर कुठे बघायचा?

लेणीवेडी
बेटावर नाही सर. तो राजबंदरच्या बाजूला, दक्षिणेकडच्या जुन्या उताराच्या जवळ होता. १८१४ मध्ये त्याची मान आणि डोकं गळून पडलं. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना तो फुटला, तुकडे मुंबईत आणले, आणि १९१४ मध्ये जोडून उभा केला. आता भायखळ्याला राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून चालत जाता येतं. बुधवारी बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद. मुलांना आधी हत्ती दाखवा, सांधे मोजायला लावा, आणि मग दुसऱ्या दिवशी बेटावर न्या.